बाईंचं एकशेवीस-ऐंशी

सोमवार, १७ जून १९९६, बारामती

नवी बॅच आज पहिल्यांदा वॉर्डात आली. बारा पोरी, चोवीस वेण्या, आणि एकीलाही चादरीचा कोपरा धड दुमडता येत नाही. नर्सिंगचा हा कोर्स अठरा महिन्यांचा. सहा महिने वर्गात गेले, आता वर्षभर या माझ्या गळ्यात. पंचवीस वर्षं हेच करतेय. दर बॅचला वाटतं, हीच सगळ्यात ढ. पुढची आली की आधीची हुशार वाटायला लागते.

नेहमीचं भाषण केलं. वॉर्डात पळायचं नाही, भरभर चालायचं. पेशंटला 'ए' म्हणायचं नाही. चार्टवर खोडरबर चालणार नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि सही करायची. चूक ज्याची, सही त्याची. रश्मी नावाची एक चुणचुणीत पोरगी आहे, तिनं हे लिहून लाल शाईनं अधोरेखित केलं. बाकीच्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

सकाळपासून मानेच्या मागं ठणकतंय. चष्म्याचा नंबर वाढला असणार. निवृत्तीला दोन वर्षं राहिली, तेवढी ढकलायची.

बुधवार, २६ जून

आज पोरींचं बीपीचं प्रॅक्टिकल घेतलं. माझी पद्धत जुनी आहे आणि ती मी बदलणार नाही. मी खुर्चीत बसते, टेबलावर हात ठेवते, आणि एकेकीनं येऊन पट्टा बांधायचा, कानात स्टेथो घालायचा, पारा खाली सोडत ठोका कुठं सुरू होतो, कुठं थांबतो ते ऐकायचं. १९७१ साली नोकरीला लागताना माझी तपासणी झाली, तेव्हा बीपी एकशेवीस-ऐंशी होता. पुस्तकात छापतात तसा. तेव्हापासून माझा हात म्हणजे पोरींची परीक्षा. एकशेवीस-ऐंशी आला तर ऐकता आलं, नाही आला तर नाही. वेगळा पेशंट कशाला हवा!

अकरा जणींनी एकशेवीस-ऐंशी सांगितला. एकीचाही इकडचा तिकडं नाही. रश्मी तर इतकी तरबेज की पारा पुरता खाली यायच्या आत बोलली. एवढ्या वर्षांत अशी बॅच मिळाली नव्हती.

बारावी तुळसा खोमणे, पिंपळीची. डोळे मिटून ऐकत बसली. दोनदा पट्टा फुगवला, हाताला रग लागली माझ्या. मग म्हणाली, "बाई, एकशेसाठ-शंभर."

पोरी खुसखुसल्या. मी म्हटलं, "परत बघ." परत बघितला. "तेवढाच हाय बाई."

तिच्या वहीत लिहिलं, 'चूक', आणि सही केली. शाळेचा नियम आहे, एका प्रॅक्टिकलला तीन संधी. तिन्ही गेल्या तर नाव कमी. पहिली गेली.

मंगळवार, ९ जुलै

जिने चढताना धाप लागते. वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर कुणी बांधला त्याचं भलं होवो.

तुळसाला दुसरी संधी दिली. तिला पंधरा दिवस रश्मीबरोबर सरावाला लावलं होतं. रश्मी कंटाळून म्हणाली, "बाई, मी तिला किती सांगितलं, तरी ती ऐकतच बसते." आणि आज पुन्हा डोळे मिटले. पुन्हा पट्टा.

"एकशेचौसष्ट-एकशेचार, बाई."

माझा पाराच चढला. म्हटलं, "वाढवतेस होय गं दर वेळेला? बाजार आहे का हा? अकरा जणींचे कान खोटे आणि तुझेच तेवढे खरे?"

तर म्हणते कशी, "म्हशीच्या पोटाला कान लावला तरी आत रेडकू हाललेलं कळतं मला, बाई."

"मी म्हैस नाही," म्हटलं. सगळ्या हसल्या. तुळसाही हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "तुझ्या कानांवर तू विश्वास ठेवू नकोस. ते खोटे आहेत. रश्मी काय करते ते बघ आणि तसं कर."

'चूक'. सही. दोन गेल्या.

गुरुवार, १ ऑगस्ट

तुळसाचा चुलता भेटायला आला, हिंदुराव. धोतर, पटका, पायांना मळीचा वास, कारखान्यावरनं थेट आलेला. पोरीला बाप नाही, हाच सगळं बघतो. माणूस वाईट नाही. अर्धा तास इकडचं तिकडचं बोलून मग मुद्द्यावर आला.

"पोरगी पास हुईल का न्हाय, तेवढं सांगा बाई. लोणी देवकरला कंपनीतल्या पोराचं स्थळ आलंय. ती म्हनती मला नर्सच व्हायचंय. मी म्हनलं, पास झालीस तर मी मधी येत न्हाय. पन दोनदा नापास झाली म्हनं?"

"तिसरी संधी आहे अजून."

"मग बघा. न्हाय जमलं तर दिवाळीला आमी उरकून टाकतो. उगं पोरीचं वय वाया कशाला?"

तो गेल्यावर मला माझे वडील आठवले. छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या शाळेत मला घेऊन गेले, ऐन सोळाव्या वर्षी. मास्तर म्हणाले, घोडी झालीय, आता काय शिकणार? वडील म्हणाले, तुम्ही शिकवून तर बघा. माझ्यापाठी कुणीतरी उभं होतं म्हणून मी सिस्टर कुशाबाई सरवदे झाले. या पोरीपाठी तिचे तिचेच कान आहेत, आणि तेही धड नाहीत. वाईट वाटतं. पण वाईट वाटलं म्हणून बीपी उतरवून देता येत नाही.

बुधवार, १४ ऑगस्ट

हजेरी घेताना नाकातून रक्त आलं. नवा डॉक्टर आहे, ऋषिराज, मिसरूड फुटलेलं पोरगं. म्हणाला, "सिस्टर, बसा, बीपी बघू." म्हटलं, "डॉक्टर, माझ्या हातावर तीनशे पोरी शिकल्या. माझा बीपी मला पाठ आहे." उन्हाचं रक्त आलं, दुसरं काय. ऑगस्टात ऊन नसतं म्हणाला तो. बारामतीला नवीन आहे.

चप्पल पायात जात नाही संध्याकाळी. दिवसभर उभं राहिल्यावर व्हायचंच.

बुधवार, २१ ऑगस्ट

तुळसाची तिसरी आणि शेवटची संधी. मलाच धडधडत होतं. डोकं इतकं ठणकत होतं की हात टेबलावर ठेवून मी डोळे मिटून घेतले. तिनं पट्टा बांधला. या वेळी फारसा आवळला नाही, पोरीचा हात हलका झालाय. फुस्स करून हवा सुटली. 

"किती?"

"एकशेवीस-ऐंशी, बाई."

मी डोळे उघडले. पोरगी पांढरी पडली होती. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तिच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, "बघ, मन लावलं की जमतं की नाही?" तिच्या वहीत 'बरोबर' लिहिलं. सगळ्या पोरींना चहा पाजला. तुळसानं चहा घेतला नाही, पित्त झालंय म्हणाली.

हिंदुरावांना पोस्टकार्ड टाकलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी नीट झालं.

बुधवार, ४ सप्टेंबर, लासुर्णे

आजपासून दर बुधवारी गावची ड्यूटी. आप्पांची जीप, सहा पोरी, एक खोकं औषधं, आणि वस्तीवरच्या शाळेचा व्हरांडा. गरोदर बायकांची तपासणी. लासुर्ण्याच्या आसपासच्या वस्त्यांवरनं चाळीस बायका आल्या. आप्पा म्हणाले, "बाई, तुमी नुसत्या बसा. पोरी करत्यात समदं. तुमचं तोंड टम्म दिसतंय." ड्रायव्हरनंसुद्धा आता माझं तोंड बघायला सुरुवात केली!

पोरींनी झपाट्यानं काम केलं. कार्डं इतकी स्वच्छ की प्रदर्शनात ठेवावीत. सगळ्यांचं एकशेवीस-ऐंशी, एखादीचं एकशेदहा-सत्तर. तुळसासुद्धा आता डोळे मिटून बसत नाही.

एक शेवंता म्हणून पोरगी होती, पहिलटकरीण, आठवा महिना, बरोबर सासू धोंडाबाई. तुळसा तिचं कार्ड घेऊन माझ्याकडं आली.

"बाई, हिच्या बोटातली अंगठी निघत न्हाय. डोकं दुखतंय म्हनती."

"बीपी किती आलाय?"

ती कार्डाकडं बघत म्हणाली, "एकशेवीस-ऐंशी लिवलाय."

"मग झालं. आठव्या महिन्यात सूज येतेच. मीठ कमी खा म्हणावं, लोहाच्या गोळ्या दे."

"मी परत बघू का, बाई? न्हायतर तुमी बघता?"

खरं तर उठायला हवं होतं. दहा पावलांवर बसली होती ती शेवंता. पण गुडघे इतके जड झाले होते, आणि पलीकडं रांग. म्हटलं, "एकदा बघितलास ना? कितीदा बघणार? रांग बघ आधी." कार्डावर सही ठोकली. धोंडाबाई कार्ड घ्यायला आल्या, त्यांना म्हटलं, यात सगळं बरं आहे असं लिहिलंय, पंधरा दिवसांनी सुनेला आणा.

मंगळवार, १७ सप्टेंबर

उद्या लासुर्णे. जाऊच नये असं वाटतंय. कानात सारखा गिरणीसारखा आवाज येतोय. रजेचा अर्ज लिहिला आणि फाडला. पोरींना कुणाच्या भरवशावर सोडायचं?

बुधवार, १८ सप्टेंबर

शेवंता आज व्हरांड्यात आली नाही. त्याआधीच सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तिला बारामतीला आमच्याच दवाखान्यात आणलं होतं. आम्ही परत आलो तेव्हा दारातच कळलं. घरी चहा करता करता झटके आले. दातखीळ बसली, जीभ चावली. इथं आणल्यावर बीपी दोनशेदहा-एकशेतीस. डॉक्टर ऋषिराजनी चार तास धरून ठेवलं तिला. ती वाचली. मूल गेलं. मुलगी होती.

धोंडाबाई बाकावर बसल्या होत्या, पदरात ते कार्ड गुंडाळलेलं. मला बघितल्यावर ओरडल्या नाहीत. कार्ड पुढं धरलं.

"बाई, मला वाचता येत न्हाय. पन तुमी म्हनला हुता ना, हितं समदं बरं हाय असं लिवलंय म्हनून?"

मी कार्ड हातात घेतलं. एकशेवीस-ऐंशी, खाली तुळसाची सही, वर माझी. 

गुरुवार, १९ सप्टेंबर

प्राचार्यांनी बोलावलं. कार्ड टेबलावर होतं. त्या म्हणाल्या, "खाली विद्यार्थिनीची सही आहे, तुळसा खोमणे. वर तुमची आहे, पण तुमची नुसती पाहिल्याची. मुलगी दोनदा नापास झालेली आहेच रेकॉर्डवर. तिला ऐकता येत नाही हे तुम्हीच लिहिलंय. तिचं नाव कमी करू, विषय मिटेल. तुमची दोन वर्षं राहिलीत, कशाला ओढाताण?"

मी लगेच नाही म्हटलं नाही. हे इथं लिहून ठेवते, दुसरीकडं कुठं लिहिण्याची हिंमत नाही. मी 'विचार करते' म्हटलं. आणि खरंच विचार केला. पोरीला लग्नच करायचंय शेवटी, असं मनात आलं. पेन्शन मनात आलं. लाज वाटते.

मग तुळसाला लिनन रूममध्ये घेऊन गेले आणि विचारलं, "खरं सांग, त्या दिवशी स्टेथो कानात घातला होतास का?"

"घातला हुता, बाई."

"मग ऐकलं नाहीस?"

"ऐकलं की. एकशेपन्नास-शंभर."

"मग एकशेवीस-ऐंशी का लिहिलंस गं!" मी ओरडलेच.

ती भिंतीला टेकली. "बाई, तुमीच म्हनला ना, तुझे कान खोटे हायत. मला वाटलं, माझ्याच कानाला समद्यांचं जास्त ऐकू येतंय. तुमचं बी मला तसंच जास्त ऐकू यायचं. तिसऱ्या टायमाला तर एकशेशहात्तरच्या बी वर आलं हुतं. मी पट्टा सोडूनच दिला. रश्मी म्हनली, बाईंचा एकशेवीस-ऐंशीच असतो, मागच्या बॅचच्या पोरींनी सांगितलंय, ऐकायची गरजच न्हाय. म्हनून तसं म्हनलं. तुमी खूश झाला. मग शेवंताचं बी तसंच लिवलं. परत बघू का म्हनून इचारलं हुतं मी, बाई."

हो, विचारलं होतं. ते वरच लिहिलंय मी, चार तारखेला.

मागच्या बॅचच्या पोरींनी सांगितलंय. म्हणजे कधीपासून? मी चादरींच्या थप्पीवर बसले. तीनशे पोरी शिकल्या माझ्या हातावर, असं सगळीकडं सांगत फिरते. इंदापूर, दौंड, पार माळशिरसपर्यंत गावोगाव कामाला आहेत त्या. त्यातल्या कितींनी खरंच ऐकलं असेल?

शुक्रवार, २० सप्टेंबर

आज वर्गात खुर्ची पुढं ओढून बसले, टेबलावर हात ठेवला. बाराही पोरी, प्राचार्या, आणि डॉक्टर ऋषिराजना मुद्दाम बोलावलेलं. म्हटलं, "तुळसा, ये. बघ माझा बीपी. जे ऐकू येईल ते सांग. मला काय आवडेल ते सांगू नकोस."

पोरगी पुढं आली. पट्टा बांधला. डोळे मिटले. मी पहिल्यांदाच पाऱ्याकडं बघत होते. एवढी वर्षं मी पोरींच्या तोंडाकडं बघत आले. पारा खाली येत होता आणि एकशेनव्वदच्या आसपास तो उडी मारायला लागला, बारीक बारीक. ते तर मला नुसत्या डोळ्यांनीही दिसलं असतं.

"एकशेअठ्ठ्याऐंशी," तुळसा म्हणाली. मग थांबली. "खालचा एकशेचौदा." आणि रडायला लागली.

डॉक्टरनी बघितला. "एकशेनव्वद-एकशेचौदा. सिस्टर, तुम्ही चालताय कशा?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण मला राग आला नाही. आधी हसूच आलं, आणि मग तिथंच, सगळ्या पोरींसमोर, रडू आलं. मानेचं ठणकणं, धाप, नाकातलं रक्त, चपलेत न जाणारे पाय. एखाद्या पोरीनं परीक्षेच्या पेपरात ही लक्षणं वाचून निदान केलं नसतं, तर मी तिला शून्य दिलं असतं. शेवंतालाही हेच होत होतं. दहा पावलांवर.

प्राचार्यांना म्हटलं, "नाव कमी करायचं तर माझं करा. या पोरीनं जूनमध्येच मला सांगितलं होतं. मी तिला तीन महिने खपून खोटं बोलायला शिकवलं." त्या उठून गेल्या. काय होईल ते होवो. चौकशी लागली तर लागू दे. तुळसाचं नाव राहणार, एवढं मात्र त्यांच्याकडून लेखी घेतल्याशिवाय मी बीपीच्या गोळ्या घेऊन झोपणार नाही, असं डॉक्टरना सांगितलं. दुपारी चारला कागद आला. माझ्यासाठी दुसरा कागद होता, खुलासा द्या म्हणून. दोन्हींवर सही करून ठेवलीय.

शनिवार, २१ सप्टेंबर

डॉक्टरनी सक्तीनं रजा लावलीय. गोळ्या सुरू. वॉर्डात पेशंट म्हणून पडलेय, तेही पोरींच्या हाताखाली. चादरीचे कोपरे अजून धड दुमडता येत नाहीत त्यांना. रश्मी सकाळी माझा बीपी घ्यायला आली आणि तीनदा बघून म्हणाली, "बाई, मला नीट ऐकूच येत नाही." म्हटलं, "शाब्बास. आता शिकशील. तुळसाला बोलाव, तिच्याकडून शीक."

समोरच्या खाटेवर शेवंता आहे. उठून बसते थोडी. धोंडाबाई तिला पेज भरवतात, आणि मधेच वाटी माझ्याकडं करतात, "घ्या बाई, गरम हाय." मी दोन घोट घेतले आणि वाटी परत दिली. धोंडाबाईंना मी सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आता सांगून काय उपेग, बाई." आणि पुन्हा सुनेला भरवायला लागल्या.

दुपारी तुळसाला वही घेऊन बोलावलं. सव्वीस जूनचं पान काढलं. 'चूक' या शब्दावर एक रेघ मारली, वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, 'बरोबर'. सही, आजची तारीख. नऊ जुलैला तेच. मग एकवीस ऑगस्टचं 'बरोबर' आलं, त्यावर रेघ मारून 'चूक' लिहिलं. तीही माझीच चूक, तिथंही सही. तुळसा म्हणाली, "बाई, म्हंजे मी पास का नापास?" म्हटलं, "दोनदा पास. एवढ्यानं भागतं."

मग शेवंताचं कार्ड घेतलं. एकशेवीस-ऐंशीवर एक रेघ मारली. शेजारी लिहिलं, १५०/१००. तुळसानं खाली मान घालून पेन मागितलं, तिची सही होती ना तिथं.

मी दिलं नाही. म्हटलं, "चूक ज्याची, सही त्याची." आणि सही केली. खाटेवर पडल्या पडल्या केली, पण नाव वाचता येतंय.